पिकोलो ट्रम्पेटचा माउथपीस निवडताना: आधी शँक, मग रिम, मग वाटी

मागच्या लग्नसराईच्या शेवटी मिरजेच्या एका बँडमधला पोरगा माझ्याकडे आला. ट्रम्पेट चांगला वाजवतो, सात-आठ वर्षं वराती केल्यात, दम भरपूर. साठवलेल्या पैशातून त्यानं जुना पिकोलो ट्रम्पेट मागवला होता आणि तो काही केल्या सुरात लागत नव्हता. केस उघडून वाद्य माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "काका, ह्ये हलतंय बगा." माउथपीसच्या, म्हणजे ओठ टेकवून फुंकायच्या तुकड्याच्या, दांड्याला वहीच्या कागदाची पट्टी गुंडाळलेली होती. एकेरी रेघांचा कागद, ओल लागून पिवळा पडलेला. पट्टी सोडवली तर माउथपीस नळीत खुळखुळायला लागला.

विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं, "पिकोलोला कॉर्नेटचाच माउथपीस लागतो." (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखंच, पण मऊ आवाजाचं वाद्य.) हे अर्धं खरं आहे, आणि या अर्ध्या सत्यापायी पुष्कळ जणांचे पैसे वाया जातात. आपल्याकडे पिकोलो हातात असलेला माणूस विरळा, त्यामुळे विचारायचं कुणाला हाही प्रश्नच असतो. म्हणून त्या पोराला दोन-तीन संध्याकाळी बसून जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहितो. सांगली-साताऱ्याकडच्या बँडमधल्या, चर्चमध्ये वाजवणाऱ्या, शाळेच्या पथकातून पुढे आलेल्या कुणाच्याही उपयोगी पडावं.

पिकोलो म्हणजे नेमकं काय

आपला नेहमीचा बी फ्लॅट ट्रम्पेट म्हणजे पेटीवरची काळी पाच. व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) न दाबता सा लावला की काळी पाच बोलते. त्याची नळी उलगडून सरळ केली तर दीड मीटरच्या आसपास भरते. पिकोलोची नळी बरोबर निम्मी, म्हणजे पाऊण मीटर. नळी निम्मी म्हणून आवाज एक सप्तक वर. बहुतेक पिकोलोंना चार व्हॉल्व्ह असतात, चौथा दाबला की स्वर अडीच स्वरांनी खाली येतो आणि खालची बाजू थोडी वाढते. शिवाय लीडपाइप, म्हणजे माउथपीस जिच्यात बसतो ती पहिली नळी, बदलता येतो. एक पाइप घातला की वाद्य काळी पाचचं, दुसरा थोडा लांब पाइप घातला की पांढरी सहाचं. युरोपातलं जुनं दरबारी आणि चर्चमधलं पुष्कळ संगीत डी मध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये आहे. ते पांढरी सहाच्या वाद्यावर बोटांना सोपं जातं.

लोकांची एक समजूत आहे की बाखच्या काळात हेच वाद्य होतं. तसं नाही. जर्मन संगीतकार योहान सेबॅस्टियन बाखनं १७२१ साली ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो (वाद्यमेळाच्या सहा रचना) अर्पण केले. त्यातल्या दुसऱ्यात ट्रम्पेटला फार उंच वाजवावं लागतं. तेव्हाचा ट्रम्पेट बिनव्हॉल्व्हचा होता, आणि आजच्या ट्रम्पेटपेक्षा पुष्कळ लांब नळीचा. त्या उंचीवर आज भरवशानं पोचता यावं म्हणून पिकोलो वापरात आला. विसाव्या शतकात त्याला घरोघरी पोचवलं ते फ्रान्सच्या मॉरिस आंद्रेनं (१९३३–२०१२). हा माणूस तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम करत होता. त्याचं वादन ऐकलं की पिकोलो म्हणजे कर्कश किंकाळी हा समज गळून पडतो. आवाज गोल, हलका, आणि कुठेही जोर लावल्याची खूण नाही. माउथपीस निवडताना कानात हा आवाज असावा, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर माणूस फक्त उंचीच्या मागे लागतो.

उंच स्वर सोपा होत नाही, नेमका होतो

हे नीट कळलं तर माउथपीसचा निम्मा गोंधळ मिटतो.

ट्रम्पेटच्या नळीत व्हॉल्व्ह न दाबता काही ठरावीकच स्वर निघतात. शिडीच्या पायऱ्या समजा. खालून मोजत गेलं तर पहिला सा (हा सहसा वाजवत नाहीत), मग सा, प, सा, ग, प, थोडा उतरलेला कोमल नी, सा, रे, ग, मग तीव्र मध्यमाजवळचा एक अधांतरी स्वर, आणि बाराव्या पायरीवर प. मिरजेचा चांगला तानपुरा लावून खरजाच्या तारेला कान दिला की त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो ना? तोच हा पाचव्या पायरीवरचा ग. तारेचं आणि नळीचं गणित एकच.

आता बघा, पायऱ्या वर जाताना जवळ जवळ येतात. सा आणि प यांच्यात खाली मोठं अंतर, पण आठव्या पायरीनंतर सा, रे, ग अशी दाटी. नेहमीच्या ट्रम्पेटवर सेकंदाला ९३२ कंपनांचा वरचा सा काढायचा म्हणजे आठवी पायरी. ओठ केसभर चुकले की पाय सातवीवर किंवा नववीवर पडतो. पिकोलोवर तोच आवाज चौथ्या पायरीवर मिळतो. त्याच्या खाली प, वर ग, दोघेही लांब. चुकायला जागाच कमी.

पण ओठांना सेकंदाला ९३२ वेळाच थरथरायचं आहे, वाद्य कुठलंही असो. ओठांचे कष्ट निम्मे होत नाहीत. पिकोलो घेतला की वरची पट्टी आपोआप मिळते असं वाटणाऱ्यांची इथेच निराशा होते. मग ते वाद्याला दोष देतात, माउथपीस बदलतात, आणखी छोटा घेतात, आणखी उथळ घेतात. जो स्वर तुमच्या ओठांत नाही तो कुठलाही माउथपीस देत नाही. ओठांत जो आहे तो सुरात आणि बऱ्या आवाजात बाहेर यावा, एवढंच माउथपीसचं काम.

मग माउथपीसला इतकं महत्त्व का? साधा हिशेब आहे. माउथपीस नऊ सेंटीमीटरच्या आत-बाहेर. दीड मीटरच्या ट्रम्पेटमध्ये तो सतरावा हिस्सा. पाऊण मीटरच्या पिकोलोत आठवा. वाटीची खोली, दांडा किती आत गेला, आतली फट, हे सगळं पिकोलोवर दुप्पट बोलतं. स्लाइडचं, म्हणजे सूर जुळवायला आत-बाहेर सरकवायच्या नळीचंही तसंच. मोठ्या ट्रम्पेटवर सूर उतरवायला दोन सेंटीमीटर ओढावी लागत असेल तर इथे एकच पुरतो. मिरजेतल्या सतारमेकरांकडे जवारी काढताना कधी बघितलं असेल तर हे लगेच पटेल. भोपळा तोच, दांडी तीच, तारा त्याच. घोडीवर कानस थोडी इकडची तिकडे झाली की तानपुऱ्याचा गळा बदलतो. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांमुळे.)

आधी शँक

शँक म्हणजे माउथपीसचा दांडा, जो वाद्याच्या रिसीव्हरमध्ये बसतो. तो निमुळता असतो. ट्रम्पेटचा दांडा जाड, कॉर्नेटचा बारीक आणि आखूड. पिकोलो दोन्ही प्रकारचे बनतात. काहींचा रिसीव्हर ट्रम्पेटच्या मापाचा, काहींचा कॉर्नेटच्या. काही बनावटींना तर दोन्ही मापांचे लीडपाइप मिळतात, म्हणजे एकाच वाद्यावर पाइप बदलला की शँकही बदलावा लागतो. त्यामुळे "पिकोलोला अमुकच लागतो" हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तरी मानू नका. तुमच्या हातातल्या वाद्याला काय लागतं ते बघा.

बघायची रीत सोपी आहे. तुमचा नेहमीचा ट्रम्पेटचा माउथपीस घ्या आणि हलक्या हाताने, किंचित पीळ देत रिसीव्हरमध्ये बसवा. ठोकायचा नाही. दोन-अडीच सेंटीमीटर आत जाऊन घट्ट बसला, वरून बोटाने हलवल्यावर हलला नाही, तर रिसीव्हर ट्रम्पेटचा. टोकालाच अडकून बाहेर डोकावत राहिला, तर कॉर्नेटचा. उलट कॉर्नेटचा दांडा ट्रम्पेटच्या रिसीव्हरमध्ये घातला की तो खोल जातो, नाहीतर खुळखुळतो. त्या पोराचं हेच झालं होतं. वाद्य ट्रम्पेटच्या मापाचं, विकणाऱ्यानं दिलेला माउथपीस कॉर्नेटचा, आणि मध्ये वहीचा कागद.

कागदाने हलणं थांबतं, पण सगळं बिघडतं. दांड्याचं टोक आणि लीडपाइपची सुरुवात यांच्यामध्ये आत एक छोटी फट असते, ती मुळात ठरवून ठेवलेली असते. कागदामुळे ती कुठे कमी होते, कुठे जास्त, आणि दर वेळी वेगळी होते. त्याचा मधला सा रोज वेगळ्या ठिकाणी लागत होता, आणि वरचा सा फुटत होता, म्हणजे दोन स्वरांच्या मध्ये घुटमळत होता. मी त्याचा रोजचा ट्रम्पेटचा माउथपीस तिथे बसवला. पाच मिनिटांत स्वर जागेवर आले. आवाज अजून जड होता, वरचे स्वर उतरलेले होते, पण ते कुठे आहेत हे तरी कळायला लागलं.

कॉर्नेटच्या मापाचा रिसीव्हर निघाला तर आणखी एक सापळा आहे. दांडा बसतो म्हणून लोक कॉर्नेटचा साधा माउथपीस लावतात. कॉर्नेटची वाटी खोल, नरसाळ्यासारखी असते. कॉर्नेटचा तो मऊ आवाज तिथूनच येतो. पिकोलोला ती खोली झेपत नाही. आवाज मंद होतो आणि वरचं सप्तक उतरतं. तुम्हाला हवा आहे तो ट्रम्पेटच्या धाटणीची उथळ वाटी आणि कॉर्नेटचा दांडा असलेला माउथपीस. असे मिळतात, फक्त मागवताना दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात.

आणि अगदीच अडलं, कॉर्नेटच्या दांड्याचा आवडता माउथपीस ट्रम्पेटच्या रिसीव्हरमध्ये वापरायचाच असेल, तर कागदापेक्षा पितळी बुश बरा. तयार अ‍ॅडाप्टर मिळतो. कुपवाड एमआयडीसीत चांगला लेथवाला ओळखीचा असेल तर तोही करून देईल, पण त्याच्याकडे तोंडी माप घेऊन जाऊ नका. माउथपीस आणि वाद्य दोन्ही घेऊन जा. उतार जुळला पाहिजे, नुसती जाडी जुळून भागत नाही.

मग रिम

ओठ जिच्यावर टेकतात ती कडा म्हणजे रिम. इथे माझं मत स्पष्ट आहे: नेहमीच्या ट्रम्पेटवर जी रिम आहे, शक्यतो तीच पिकोलोवर ठेवा. ओठांना एक घर असतं. वर्षानुवर्षांच्या रियाजानं त्यांना ठाऊक झालेलं असतं की कुठे टेकायचं, किती ताणायचं. दर दहा मिनिटांनी वाद्य बदलताना घरही बदललं तर दोन्हीकडे ते परके होतात.

पुष्कळ जण छोटं वाद्य म्हणून छोटी रिम घेतात. पहिल्या दिवशी बरं वाटतं. वरचे स्वर पटकन निघतात. आठवड्याभरात ओठांना थरथरायला जागा उरत नाही, मग माणूस दाबायला लागतो, आणि दाबून काढलेला स्वर चिरका येतो. थोडी लहान रिम काहींना चालते हे खरं आहे, ज्यांचे ओठ पातळ आहेत त्यांना विशेष. पण ती एखाद्या पायरीची गोष्ट आहे, तीन पायऱ्यांची नाही.

रिमची रुंदी आणि आतली धारही बघा. रुंद रिम ओठांवरचा भार वाटून घेते, दमायला उशीर होतो, पण स्वरावरून स्वरावर उडी मारताना किंचित जड वाटते. आतली धार तीक्ष्ण असेल तर स्वराची सुरुवात स्वच्छ होते, पण तासाभराने टोचते.

काही कंपन्या आट्यांची रिम देतात, म्हणजे रिम वेगळी, वाटी वेगळी, आणि एकीवर दुसरी फिरवून बसवायची. पैसे जास्त जातात, पण दोन वाद्यं रोज वाजवणाऱ्याला यासारखं सुख नाही. रिम तीच राहते, खालचा भाग बदलतो.

वाटी, म्हणजे खरी गोष्ट

आता मुख्य. रिमच्या आतली पोकळी म्हणजे वाटी. घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगतो. माउथपीस हातात धरा आणि रिम तळव्यावर पटकन आपटा, म्हणजे वाटीचं तोंड झाकलं जाईल. 'टप्' असा छोटा आवाज येतो, आणि त्याला एक सूर असतो. खोल वाटीचा सूर खाली, उथळ वाटीचा वर. दोन माउथपीस एकामागून एक आपटले की फरक लहान मुलालाही कळतो. माउथपीसचा हा स्वतःचा सूर वाद्याच्या वरच्या स्वरांना आपल्या बाजूला खेचतो. म्हणून वाटी खोल असेल तर वरचं सप्तक उतरतं, फार उथळ असेल तर चढतं. मधला सा आणि तार सा यांच्यात अंतर कमी किंवा जास्त पडतं. पिकोलोवर हिस्सा दुप्पट असल्यामुळे हा दोष झाकता येत नाही.

म्हणून नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या उथळ वाटी हवी. किती? इथे ओठांचा आकार बोलतो. वाजवताना ओठ वाटीत थोडे शिरतात. पंधरा-वीस मिनिटांनी ते सुजतात, मग आणखी शिरतात. वाटी फार उथळ असेल तर ओठ तळाला टेकतात आणि आवाज एकदम बंद होतो. दम आहे, जोर आहे, पण स्वर निघत नाही. दुकानात किंवा मित्राच्या घरी दोन मिनिटं वाजवून घेतलेला माउथपीस मांडवात दगा देतो तो यामुळेच. जाड ओठांच्या माणसानं सगळ्यात उथळ वाटीच्या वाटेला जाऊ नये, मग कुणी कितीही मोठा वादक ती वापरत असो.

आकड्यांचं कोडं

आपल्याकडे स्थानिक बँडमध्ये फिरणाऱ्या पुष्कळ माउथपीसवर आकडा नसतोच. असला तरी तो वाचायचा कसा हे ठाऊक नसतं. दोन पद्धती कळल्या तर बहुतेक काम भागतं.

पहिली व्हिन्सेंट बाखची. हा संगीतकार बाख नव्हे. हा १८९० साली ऑस्ट्रियात जन्मलेला ट्रम्पेटवादक आणि इंजिनिअर, नंतर अमेरिकेत जाऊन माउथपीस बनवू लागला. त्याच्या पद्धतीत आकडा लहान म्हणजे रिम मोठी. हे उलटं आहे, नीट लक्षात ठेवा. दीड सी सतरा मिलिमीटरच्या आसपास, ३ सी १६.३०, ७ सी १६.२०. अक्षर वाटीचं: ए सगळ्यात खोल, सी मधली, डी त्याहून उथळ, ई आणि एफ आणखी उथळ. म्हणजे रोज ७ सी वाजवणाऱ्यानं पिकोलोसाठी ७ डी किंवा ७ ई बघावा, ३ सीवाल्यानं ३ डी किंवा ३ ई. ७ ई तर पिकोलोवाल्यांमध्ये जुना आणि प्रसिद्ध आहे. त्याचाच ७ ईडब्ल्यू मिळतो, त्यातला डब्ल्यू म्हणजे रुंद रिम. मात्र आकडा एक असला तरी रिमची गोलाई सी आणि ई मध्ये अगदी सारखी असेलच असं नाही. ओठांना विचारल्याशिवाय मान्य करू नका.

दुसरी शिल्के आणि यामाहा या वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांची. रेनॉल्ड शिल्के यांनी यामाहासाठी सल्लागार म्हणून काम केलं, त्यामुळे दोघांची पद्धत सारखीच. इथे आकडा मोठा म्हणजे रिम मोठी, बाखच्या बरोबर उलट. अक्षर वाटीचं, पण इथे ए सगळ्यात लहान आणि ई सगळ्यात मोठी, हेही उलट. पुढचा आकडा रिमच्या गोलाईचा आणि शेवटचं छोटं अक्षर बॅकबोअरचं (वाटीखालच्या नळीचं), त्यात ए सगळ्यात अरुंद. १४बी४ वाजवणाऱ्याला १४ए४ए म्हणजे तीच रिम, उथळ वाटी आणि अरुंद बॅकबोअर. यामाहाच्या शिकाऊ ट्रम्पेटबरोबर बहुधा ११बी४ येतो, आपल्याकडच्या पुष्कळ मुलांकडे तोच आहे. त्यांनी ११ हा आकडा कायम ठेवून ए अक्षराकडे जावं.

बाखचा ए आणि यामाहाचा ए एकच समजून माउथपीस मागवला तर घरी येते ती नेमकी नको ती वाटी. अशी चूक झालेली मी स्वतः दोनदा बघितली आहे.

थ्रोटला हात लावू नका

वाटीच्या तळाला जे भोक आहे तो थ्रोट, आणि तिथून पुढे हळूहळू रुंद होत जाते ती नळी बॅकबोअर. बाखच्या माउथपीसचा नेहमीचा थ्रोट २७ नंबरच्या ड्रिलचा, म्हणजे ३.६६ मिलिमीटर. इथेही नंबर लहान झाला की भोक मोठं होतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मला वाटलं, पिकोलो फार अडतोय, वाट मोकळी केली की दम सहज जाईल. एका वर्कशॉपमध्ये माउथपीस घेऊन गेलो आणि थ्रोट चार मिलिमीटर करून घेतला. ड्रिल आरपार जायला अर्धा मिनिटही लागला नाही. तेवढ्यात भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ एक पंचमांशाने वाढलं होतं. संध्याकाळी वाजवला तर खालचे स्वर मोठे आणि पोकळ, वरचे कुठेच टेकेनात, आणि दहा मिनिटांत दम संपला. कारागिरानं मी सांगितलं तेच केलं होतं. चूक माझी होती, आणि काढलेलं पितळ परत भरता येत नाही. तो माउथपीस अजून माझ्याकडे आहे. मुलांना दाखवायला काढतो, थ्रोटची कडा बोटाच्या नखाला लागते ती.

मला तेव्हा कळलं नव्हतं ते हे: पिकोलो मुळात कमी हवा मागतो. नळी आखूड, बारीक. मोठ्या ट्रम्पेटवर वरात ओढून नेणारा माणूस तीच फुंक इथे मारतो आणि वाद्य अडतंय असं त्याला वाटतं. हवा वेगात हवी, पण थोडी. मेणबत्तीची ज्योत न विझवता वाकवायची तशी. त्या पोराचंही तेच होतं. वरातीत ढोल-ताशाच्या वर आवाज काढायची सवय. पहिल्या संध्याकाळी मी त्याला अर्ध्या दमावरच वाजवायला सांगितलं, आणि वाद्य मोकळं झालं.

मुलाम्याबद्दल थोडक्यात. चांदीचा मुलामा बहुतेकांना चालतो, सोन्याचा ओठांना जास्त निसरडा वाटतो. मुलामा उडून पितळ उघडं पडलं असेल तर तो माउथपीस ओठांना लावू नका. खाज येते, पुरळ येतं. मुलाम्यानं आवाज बदलतो का या वादात मी पडत नाही. वाटीच्या मानानं तो फरक किरकोळ आहे.

पारखायचं कसं

दोन किंवा तीन माउथपीस घ्या, सहा नकोत. सहाव्यापर्यंत ओठ दमतात आणि कान फसतो. मित्राकडून उसने मिळाले तर सोनंच. ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची मुदत आधी वाचा.

मोबाइलवर तानपुरा अ‍ॅप लावा. काळी पाचचा पाइप असेल तर काळी पाच, पांढरी सहाचा असेल तर पांढरी सहा. सुईवाला ट्यूनर नंतर बघा, आधी कान. मधला सा लावा, तानपुऱ्यात विरघळेपर्यंत स्लाइड हलवा. मग ओठांनी काहीही न सुधारता तार सा लावा. तो उतरला तर वाटी खोल, चढला तर उथळ. मग पंचम, मग वरचा गंधार. पाचव्या पायरीचा ग ट्यूनरच्या सुईवर किंचित उतरलेला दिसणारच, तो नळीचा स्वभाव आहे. त्याच्यासाठी माउथपीसला शिक्षा करू नका.

मग वीस मिनिटं वाजवा, मोजून. हळू वाजवा. ज्यावर मऊ वाजवता येतं तो माउथपीस बरा, जोरात तर कशावरही वाजतं. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ध्वनिमुद्रण करा, कारण वाजवणाऱ्याच्या कानाला येणारा आवाज आणि दहा हातांवर ऐकू येणारा आवाज वेगळा असतो. आणि निर्णय त्याच दिवशी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, ओठ ताजे असताना, पहिला स्वर ज्यावर सहज लागतो तिकडे लक्ष द्या.

हवेचंही भान ठेवा. तापमान एक अंशाने वाढलं की ध्वनीचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे जुळवलेलं वाद्य मे महिन्याच्या दुपारी सांगलीत चढणारच. म्हणून असा माउथपीस निवडा ज्यावर स्लाइड थोडी ओढलेली असताना सूर जुळतो. स्लाइड पूर्ण आत घालूनच जुळत असेल तर थंडीत चढवायला जागा राहत नाही.

त्या पोराला मी माझे दोन दिले, ७ डी आणि ७ ई. रोज तो ७ सी वाजवतो, म्हणून रिम ओळखीची. ७ ईवर पहिल्या दहा मिनिटांत त्याचे डोळे चमकले. तार सा लखलखीत, वरचा ग सहज. पंधराव्या मिनिटाला आवाज चिरका झाला, अठराव्याला बंद. त्याचे ओठ जाड आहेत, तळाला टेकत होते. दुसऱ्या संध्याकाळी ७ डी. चमक थोडी कमी, पण तार सा तानपुऱ्यात नीट बसला आणि पाऊण तास टिकला. मोबाइलवरचं मुद्रण त्यानं अंगणात जाऊन, डोळे मिटून दोनदा ऐकलं.

"काका, हे माणसाच्या गळ्यासारखं वाटतंय," म्हणाला. ७ डी त्याच्याकडेच आहे, त्याचा स्वतःचा मागवलेला येईपर्यंत. केस बंद करताना त्यानं आधी ती कागदाची पट्टी आतून उचलली आणि खिडकीतून बाहेर टाकली, मग माझ्याकडे बघून ती परत उचलायला अंगणात गेला.